जागा असल्यास युरोप

सैनिकाच्या घरात प्रवास ही मौज नसते, ती साधना असते. तिच्यातून शिस्त, त्याग आणि देशोदेशीच्या माणसांशी जुळलेला स्नेह अशी तिहेरी फळं पदरात पडतात.

हे वाक्य माझं नाही. माझ्या नवऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभात एका जनरलसाहेबांनी ते इंग्रजीत उच्चारलं. मराठीत आणताना मी त्याला थोडं सोवळं नेसवलंय इतकंच. मी पहिल्या रांगेत होते, मांडीवर त्यांनीच दिलेला गुच्छ होता आणि डोळे भरून यायच्या बेतात होते. तेवढ्यात साहेब म्हणाले, की या वीराने विमानातून दोनशे वेळा उडी मारली आहे.

माझा नवरा अमेरिकन सैन्याच्या पुरवठा विभागात होता. बावीस वर्षं त्यानं ब्लँकेटं, डिझेल आणि डबाबंद पीच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवले. विमानातून तो नेहमी जिन्यानं उतरला. साहेबांच्या हातात अकरा वाजताच्या समारंभाचं भाषण होतं आणि आमचा समारंभ दहाचा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी मात्र नंतर लेकाला बाजूला घेतलं. "दोनशे वेळा? आणि आम्हाला एकदाही सांगितलं नाहीस?"

तेव्हापासून साधना, त्याग वगैरे शब्द कानावर आले की मी आधी घड्याळ बघते.

तिहेरी फळांपैकी स्नेहाचं फळ मात्र आम्हाला खरोखर मिळालं होतं. निवृत्तीच्या आधीची तीन वर्षं आम्ही जर्मनीत होतो. तळावर घर मिळालं नाही, म्हणून जवळच्या गावात एका बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. बाई एकट्याच होत्या, मूलबाळ नव्हतं, आयुष्यभर औषधाच्या दुकानात काम केलेलं. आम्ही राहायला गेल्यानंतर चौथ्या दिवशी त्या आमची कचऱ्याची पिशवी घेऊन वर आल्या आणि ती त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उपडी केली.

"हा कागद," त्या म्हणाल्या. "हा पण कागद. हा कागदासारखा दिसतो, पण कागद नाही. तुम्हाला सवय होईल."

मग त्यांनी पिशवीतला चहाचा चोथा उचलून नाकाशी नेला. "टी-बॅग कुठे आहेत?"

मी त्यांना गाळणी दाखवली. आपली साधी, दांडीची, नागपूरहून आणलेली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली. टी-बॅग म्हणजे पाला एका डब्यात, कागद दुसऱ्यात, दोरा तिसऱ्यात आणि स्टेपलची पिन चौथ्यात, असं त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. कुणाच्या तरी घरी ही भानगडच नाही याचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. त्या दिवशी आमची मैत्री झाली. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःची किटली घेऊन वर आल्या आणि आलं किसायला बसल्या.

नवरा युरोप हिंडायचा तो मोहिमेसारखा. त्याची एक फाइल असे. तिच्यात किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, कुठला पुतळा किती मिनिटं बघायचा हे सगळं लिहिलेलं. एकदा त्यानं चार दिवसांत सात देश केले. त्यातला एक मी झोपेत केला. बहुतेक वेळा बाई आमच्याबरोबर असत. मागच्या सीटवर बसून चुकीचे रस्ते बरोबर सांगत आणि डिकीत स्वतःची घडीची खुर्ची ठेवत. कुठलंही प्रसिद्ध ठिकाण आलं की त्या खुर्ची उलगडून बाहेर बसायच्या. "तुम्ही बघून या. ते दगड मी बघितलेत. मी माणसं बघते." आम्ही धापा टाकत परत यायचो तोवर त्यांना पार्किंगवाल्याच्या सुनेचं काय बिनसलंय तेही कळलेलं असायचं.

स्वित्झर्लंडमध्ये तर त्या खुर्चीवर बसलेल्या असताना शेजारी पुण्याहून आलेली टूरची बस थांबली. बसबरोबरच्या स्वयंपाक्यानं मला बघितलं आणि माझं म्हणणं ऐकून न घेता पुरीभाजीचं ताट हातात दिलं. "काकू, लवकर घ्या, बस दहा मिनिटांत सुटतेय." मी दुसरं ताट बाईंसाठी मागितलं. "या पण आपल्याच का?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. बाईंनी चार पुऱ्या खाल्ल्या आणि जाताना त्या स्वयंपाक्याशी हात मिळवला. नवरा पंचवीस मिनिटांच्या पुतळ्याकडे गेला होता, त्याला काहीच मिळालं नाही.

जर्मनी सोडताना बाईंनी एकच मागणं केलं. "माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला या. सत्तराव्याला सगळेच येतात. नव्वदाव्याला यायला कुणी उरत नाही. ऐंशीव्याला कोण येतं तेवढंच खरं."

"येस मॅम," नवरा म्हणाला. सलाम ठोकला नाही एवढंच.

या वर्षी त्यांचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं. रविवारी दुपारी साडेतीन वाजता, कॉफी आणि केक. त्यांच्या आईच्या वेळच्या सहा बशा होत्या, त्या काढणार होत्या. एक स्वतःला, एक चुलत बहिणीला, एक डॉक्टरांना, एक बेकरीवाल्याच्या बायकोला आणि दोन आम्हाला. वरची खोली झाडून ठेवली आहे, तिथे आमच्यानंतर कुणाला ठेवलं नाही, असंही शेवटी लिहिलं होतं. जणू काही गटार साफ केल्याचं कळवावं तसं.

मी लगेच तिकिटं बघायला बसले. नवऱ्यानं माझा लॅपटॉप मिटला.

"तिकीट कशाला? आपण स्पेस-ए नी जाऊ."

सैन्याची मालवाहू विमानं युरोपात जात-येत असतात. त्यांत जागा उरली तर सैनिकांना, त्यांच्या कुटुंबांना आणि निवृत्तांनाही फुकट बसता येतं. ही झाली स्पेस-ए, म्हणजे जागा असल्यास. विमान कधी जाईल, जाईल का, हे आदल्या दिवशीपर्यंत नक्की नसतं. माणसांची यादी प्रतवारीनं लागते आणि निवृत्तांची प्रत सगळ्यात शेवटची. ठरलेल्या वेळी टर्मिनलमध्ये नावं पुकारतात. हजर असाल तर जागा, नसाल तर पुढचं नाव.

"अरे, रविवारी पोचायचंय. जागा नाही मिळाली तर?"

"आय अर्न्ड इट," तो म्हणाला. "बावीस वर्षं. आणि आई काय म्हणते? फुकट ते पौष्टिक."

न्यू जर्सीत जन्मलेल्या या माणसाला मराठीतल्या जेमतेम पाच म्हणी येतात, पण त्यांतली एक ही आहे.

तर आम्ही व्हर्जिनियाहून पाच तास ड्राइव्ह करून बुधवारी न्यू जर्सीतल्या तळावर पोचलो. टर्मिनल म्हणजे एसटी स्टँडला कार्पेट घातल्यासारखं. बुधवारच्या विमानात फक्त यंत्रं गेली. गुरुवारच्या विमानात माणसं गेली, पण यादी आमच्या वर चार नावांवर थांबली. एकोणीस वर्षांचा एक शिपाई सुट्टीसाठी आमच्या आधी आत गेला. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली असे तीनशे होते. त्या मुलानं "एक्स्क्यूज मी, सर" म्हणून त्याला बाजूला केलं आणि पिशवी उचलली.

टर्मिनलमध्ये आमची एका निवृत्त सार्जंटशी आणि त्यांच्या बायकोशी ओळख झाली. जॉर्जियाची माणसं. नऊ वर्षं असंच फिरत होती. त्यांच्याकडे फुगवायची गादी होती, छोटं कॉफीचं यंत्र होतं आणि विणकाम होतं. सार्जंट माझ्या नवऱ्याला सर म्हणायचे आणि लहान पोराला शिकवावं तसं शिकवायचे.

"उद्या संध्याकाळी मोठं विमान आहे, सर, नावं पाचला पुकारतील. जर्मनी. यादी मी बघितली. तुमचं नक्की होतंय. फक्त एक करा, बिल्डिंग सोडू नका."

"मी पुरवठा विभागात होतो, सार्जंट," नवरा हसून म्हणाला. "यादी काय असते ते मला माहितेय."

शुक्रवारचं विमान म्हणजे शनिवारी सकाळी जर्मनी, म्हणजे रविवारी साडेतीनला बशीत केक. मी बाईंना कळवून टाकलं. त्यांचं उत्तर आलं: "केक सहा माणसांचा सांगितला."

इथवर सगळं ठीक होतं. पण पिस्कॅटवेला नवऱ्याचे काका-काकू राहतात, तळापासून पाऊण तासावर, आणि आम्ही तीन दिवस एवढ्या जवळ असूनही घरी आलो नाही ही बातमी सासूबाईंमार्फत त्यांच्यापर्यंत पोचली होती. शुक्रवारी सकाळी काकूंचा फोन आला.

"तुम्हाला वेळ नाही ना? बरं. आम्ही येतो. आम्हाला काय, रिटायर्ड माणसं."

तळाच्या आत त्यांना सोडत नाहीत, त्यामुळे फाटकाबाहेरच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं. तिथे दोन बाकं आहेत आणि एक पहारेकरी. काका-काकू तीन वाजता आले. काकूंनी बाकावर चादर अंथरली आणि त्यावर थालीपीठ, लोणी, मटकीची उसळ, दहीभात आणि बेसनाचे लाडू मांडले. विमानात जेवायला देत नाहीत हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. आम्ही जेवलो. सुरेख झालं सगळं. टर्मिनल दहा मिनिटांवर. नावं पाच वाजता. चार वाजून दहा मिनिटांनी नवऱ्यानं मांडीवर हात आपटला आणि म्हणाला, "चला, काका. निघतो आम्ही."

मराठी घरात हे वाक्य म्हणजे निरोपाची सुरुवात असते, हे त्याला कुणी सैन्यात शिकवलं नव्हतं. आणि मला जन्मापासून माहीत असून मी सांगितलं नाही.

"निघा, निघा," काका म्हणाले. "उशीर नको. मला एकच सांग, तुझ्या घराचं छप्पर कितव्या वर्षी बदललंस?"

छपरावर पंधरा मिनिटं गेली. मग सगळे उठलो. उठल्यावर काकूंना थर्मास आठवला. "अगंबाई, चहा राहिलाच की! उभ्या उभ्या घ्या, बसू नका." उभ्यानं घेतला. मग त्यांच्या गाडीपाशी गेलो. डिकी उघडली, तर त्यात बाईंसाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी.

"त्यांना तिखट चालतं का गं?"

"चालतं, काकू. त्या आलं किसतात."

"मग हे गोड आहे, चालणार नाही. थांब, दुसरी बरणी पण आणलीय."

मी या वेळी शहाणपणानं वागायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, की लोणच्याला पाणी सुटू नये म्हणून तुम्ही काय करता. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. बाईमाणसानं लोणच्याची बरणी हातात घेऊन काही न विचारता चालू पडणं मला जमलं नाही. काकूंनी सविस्तर सांगितलं.

नवरा माझ्यामागून मनगटाकडे बघत होता. हा माणूस एका शिट्टीवर तीनशे जणांना ट्रकमध्ये चढवायचा. पण काकू पर्समधून कुंकवाची डबी काढत असताना "टाइम्स अप" म्हणायला लागणारं धैर्य कुठल्याच सैन्यात शिकवत नाहीत. मी हळूच कोपरानं ढोसलं.

"टू मिनिट्स," तो पुटपुटला.

काकूंनी मला हळदकुंकू लावलं. आम्ही दोघं पार्किंगमध्ये वाकून नमस्कार करायला लागलो तसा पहारेकरी दोन पावलं पुढे आला. "सर, एव्हरीथिंग ओके?"

"फॅमिली," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला. पहारेकरी मागे गेला.

मग ते दोघं गाडीत बसले. काच खाली झाली. पोचलात की फोन करा. हो. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका. नाही. काकांनी गाडी सुरू केली. मग बंद केली.

"अरे, तुझ्या वडिलांच्या गुडघ्याचं मी विचारलंच नाही."

गुडघ्याचं सांगताना पाच वाजले.

आम्ही टर्मिनलमध्ये शिरलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. सार्जंटची गादी नव्हती, कॉफीचं यंत्रही नव्हतं. खिडकीमागच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की आमची नावं तीनदा पुकारली आणि पाच वाजून पाच मिनिटांनी यादी बंद झाली.

"विमान अजून उभंय," नवरा म्हणाला. काचेतून ते दिसत होतं. मागचं दारही उघडं होतं.

"हो, सर. यादी बंद आहे, सर."

नवरा खिडकीपासून बाजूला झाला. हेच वाक्य बावीस वर्षं त्यानं किती जणांना ऐकवलं असेल, ते बहुधा त्याच्या मनात आलं असावं. निदान माझ्या तरी आलं. मी दुसऱ्या बरणीची पिशवी घट्ट धरून उभी होते.

पुढचं विमान मंगळवारी. नवऱ्यानं फोन काढला आणि प्रथमच, मी न सांगता, तिकिटं बघायला लागला. त्या रात्री आणि शनिवारी जागा नव्हत्या. जे मिळत होतं ते सोमवारी सकाळी पोचत होतं. त्यानं बाईंना मेसेज पाठवला की सोमवारी आलो तर चालेल का. उत्तर एका मिनिटात आलं: "सोमवारी कचऱ्याची गाडी येते. वाढदिवस रविवारी आहे."

मग आम्ही पिस्कॅटवेला गेलो. दुसरं कुठे जाणार? काकूंनी दार उघडलं आणि फक्त म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं यांना, गुडघ्याचं फोनवर विचारा."

रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडे दुपारी साडेतीनला, आम्ही काकूंच्या स्वयंपाकघरात चांगले कपडे घालून फोनसमोर बसलो. बाईंनी आम्हाला आमच्याच खुर्चीवर ठेवलं होतं. म्हणजे फोन साखरेच्या भांड्याला टेकवून खुर्चीवर उभा केला होता. त्यामुळे आम्हाला टेबलाची खालची बाजू, बेकरीवाल्याच्या बायकोचे गुडघे आणि छत एवढं दिसत होतं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला उचलून टेबलावर ठेवलं. सहा बशा मांडलेल्या होत्या, निळ्या काठाच्या. दोन रिकाम्या. बाईंनी गळ्यात मोत्यांची माळ घातली होती. तीन वर्षांत मी ती कधी बघितली नव्हती.

आम्ही दोघांनी गाणं म्हटलं. काकांनीही मागून सूर लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "विमान का चुकलं?"

नवऱ्यानं तयारी करून ठेवली होती. ऑपरेशनल कारणं, वेळापत्रकातले बदल वगैरे. पण बाईंकडे बघून त्याला ते बोलता येईना. "आम्ही काकांचा निरोप घेत होतो," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"पन्नास मिनिटं."

"ते कुठे चालले होते?"

"घरी."

"घर किती लांब आहे?"

"पाऊण तास."

बाईंनी हे डॉक्टरांना आणि चुलत बहिणीला जर्मनमध्ये समजावून सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग त्या फोनजवळ आल्या, इतक्या की फक्त चष्मा दिसत होता.

"माझ्याकडून कायमचे गेलात तेव्हा तुम्हाला चार मिनिटं लागली होती," त्या म्हणाल्या. "मी फाटकात उभी होते. तुमच्या फाइलमध्ये तसं लिहिलं होतं."

नवऱ्यानं टेबलाकडे बघितलं. मला काहीतरी बोलायचं होतं. मराठीत ते मला आलं असतं. काकू मागून हळूच म्हणाल्या, "काय म्हणतात गं त्या?" मी सांगितलं, केक छान झालाय म्हणतात.

बाईंनी आमच्या वाट्याचे दोन तुकडे कापले. एक डॉक्टरांना दिला, एक स्वतः घेतला. आम्ही फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही. पाहुणे गेल्यावर बशा धुताना त्यांनी आम्हाला खिडकीत ठेवलं आणि दीड तास आम्ही त्यांच्याशी बोलत होतो. बरंचसं शेजाऱ्यांबद्दल. शेवटी त्यांच्याच फोनची बॅटरी संपली.

संध्याकाळी सार्जंटच्या बायकोचा मेसेज आला. दोघं सुखरूप पोचले होते. सोबत विमानातला फोटो होता. त्यात सार्जंट सलग चार जागांवर आडवे झोपले होते आणि पलीकडच्या चार जागांवर त्यांची गादी फुगवून ठेवली होती. खाली तिनं लिहिलं होतं की इतकी वर्षं झाली, पण एवढं मोकळं विमान त्यांना कधीच मिळालं नव्हतं. वेळ जात नव्हता म्हणून तिनं मोजलं होतं. एकोणीस जागा रिकाम्या गेल्या.